मी खोडलेली ओळ

छत्तीस वर्षं मी संशय घेण्याचा पगार घेतला. ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. समोर आलेला प्रत्येक पार्ट खराबच आहे असं धरून चालायचं, आणि तपासून चांगला निघालाच तर शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. शिक्का ज्याचा त्याचा, नंबर घातलेला. दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. मी तो जेवायला जातानासुद्धा खिशात घालून जायचो. एवढ्या वर्षांत एकाच माणसाच्या कामाबद्दल मी निर्धास्त होतो, लेथवरच्या सोनवणे टर्नरच्या. का, ते पुढे सांगतो.

रिटायर झालो तेव्हा शिक्का जमा केला, संशय घरी घेऊन आलो. माझी बायको सुनंदा सगळ्यांना सांगते, "अहो, हे प्रसादाचा पेढासुद्धा आधी फोडून बघतात." खरं आहे. एकदा आत बुरशी निघाली होती, ते मात्र ती सांगत नाही.

हे सगळं आधीच सांगून ठेवतोय, कारण गेल्या वर्षी मी सव्वीस दिवस व्हेंटिलेटरवर होतो. जवळजवळ सगळा वेळ शुद्धीवर. आणि त्यातले बरेच दिवस माझी खात्री होती, की माझ्याच घरची माणसं हे मशीन बंद करायला टपली आहेत. तसा कागद त्यांना मीच करून दिला होता.

कागद

आजाराच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. कारखान्यातला माझा एक दोस्त मेंदूत रक्तस्राव होऊन पडला. सात महिने नाकात नळी, गळ्यात नळी, डोळे उघडे आणि ओळख कोणाचीच नाही. मी दर रविवारी जायचो आणि घरी येऊन न जेवता बसायचो. शेवटी एकदा ताटावर सांगून टाकलं, "माझं असलं काही करायचं नाही. नळ्याबिळ्या लावल्या तर याद राखा!"

"शुभ बोला हो जरा," सुनंदा म्हणाली. मुलगा प्रशांत, तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहे, त्याने मान खाली घालून वरणभात कालवला. बोलली ती सून. माधुरी मनमाडला रेल्वेच्या ऑफिसात आहे, रोज अप-डाऊन करते.

"बाबा, असं नुसतं बोलून उपयोग नसतो. त्याचा कागद करता येतो. आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा काय करायचं, काय नाही आणि कोणाला विचारायचं, ते आधी लिहून ठेवायचं. दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी."

आता सांगा, सासऱ्याच्या मरणाचा कागद कसा करतात हे सुनेला कुठून ठाऊक? मी विचारलं. म्हणाली, ऑफिसातल्या मॅडमनी केलाय. मी मनात नोंद करून ठेवली.

कागद तिनेच टाइप केला. मी सांगत होतो: व्हेंटिलेटर लावू नये, नळीने अन्न देऊ नये. प्रिंट हातात आली तर सुरुवातीला एक जास्तीची ओळ. "मी बरा होण्याची आशा उरलेली नसेल तर."

"हे कोणी घातलं?"

"मी. ते लागतं, बाबा."

मी लाल पेन काढला आणि ओळ खोडली. आमच्याकडे कारखान्यात भोक तपासायला एक गेज असतं. त्याचं एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गेलं तर लाल टॅग, पार्ट बाद. त्यात "जर" नसतं, "तर" नसतं. जर-तर शिरलं की माणसं पळवाटा काढतात, हा माझा अनुभव.

"पण बाबा, तुम्ही माणूस आहात, पार्ट नाही."

"कागद माझा आहे ना?"

"तुमचा कागद, तुमची मर्जी," ती म्हणाली आणि माझ्या लाल रेघेचा तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. शेजारी कचऱ्याची बादली होती. तिच्यात नाही टाकला. तीही नोंद मी केली.

माझ्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, तिथे सुनंदाचं आणि प्रशांतचं नाव घातलं. माधुरीचं मुद्दाम नाही. सून कितीही गुणाची असली तरी सून.

चप्पल

गणपती विसर्जनानंतर पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं. मग एके सकाळी हिरावाडीतून दूध घेऊन येत होतो, तर मागून पेपरवाला ओरडला, "काका, चप्पल राहिली!" बघतो तर डावा पाय अनवाणी. चप्पल वीस पावलं मागे पडलेली आणि मला पत्ता नाही. मी संशय घेतला चपलेवर.

दुसऱ्या दिवशी जिना चढताना गुडघे मोडायला लागले. मी रक्तदाबाच्या नव्या गोळीवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लागेना, तेव्हा मात्र प्रशांतने मला उचलून गाडीत घातलं.

डॉक्टर तरुण होता. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ढिम्म हलला नाही. कमरेतून पाणी काढलं, नसांना करंट देऊन बघितलं. मग आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगून म्हणाला, "काका, शरीराचं रक्षण करणारी जी यंत्रणा असते ना, ती चुकून तुमच्याच नसांना शत्रू समजायला लागली आहे."

सुनंदा रडत होती, तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे ह्यांच्यासारखंच की!"

आम्ही सगळे हसलो. पुढे कितीतरी दिवस तेच शेवटचं हसणं होतं.

"बरा होईन का?" मी विचारलं.

"बहुतेक लोक होतात. पण आधी अजून बिघडेल."

हे सांगताना तो प्रशांतकडे बघत होता, माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यात फक्त दुसरं वाक्य राहिलं.

पडद्यामागे

आयसीयूत दर थोड्या वेळाने सिस्टर येऊन सांगायच्या, "काका, एका श्वासात आकडे म्हणा." पहिल्या दिवशी चोवीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा, दुपारी आठ. मग आवाजच बंद झाला, नुसते ओठ हलायचे. छातीवर कोणी धान्याचं पोतं ठेवावं तसं वाटत होतं. त्या वेळी मला जगायचं होतं. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण ताटावर बसून बोललेला मी आणि तिथे पडलेला मी ह्यांची एकमेकांशी ओळखच नव्हती.

पडद्यामागे डॉक्टरचा आवाज आला, "नळी घालावी लागेल. लगेच."

"घाला," प्रशांत म्हणाला.

आणि माधुरी म्हणाली, "डॉक्टर, एक मिनिट. बाबांचा एक कागद आहे. तो आधी बघा."

"कसला कागद? काही कागदबिगद नाही!" ही सुनंदा.

"आई, आहे."

मी ओरडत होतो, घाला, नळी घाला, फाडा तो कागद! ओठही हलले नसतील, आणि पुढचं बोलणं कानात शिरलंच नाही. मग कोणीतरी हातात इंजेक्शन दिलं आणि मी झोपलो.

बेड नंबर चार

जागा झालो तो नळीसकट. हात, पाय, चेहरा, काही हलत नव्हतं. फक्त डोळे वरखाली व्हायचे. कान मात्र शाबूत, आणि डोकं तर नको इतकं शाबूत.

तिथला दिवस एकसारखा. घशातला कफ ओढायचा, कूस बदलायची, नाकातल्या नळीतून पातळ पेज. मशीन वाजायचं. "चार नंबरचं झालं का?" "झालं." चार नंबर म्हणजे मी. डॉक्टर पायाशी उभे राहून माझ्याबद्दल बोलायचे, मी तिथे नसल्यासारखे. मशीनजवळ कोणी आलं, की मला वाटायचं, झालं, आला कागद. माझं पाठ होतं ते: व्हेंटिलेटर लावू नये. जर नाही, तर नाही. पळवाट ठेवलीच नव्हती.

माझ्याशी माणसासारखी बोलायची ती सफाईची एक मावशी. फरशी पुसता पुसता प्रत्येक बेडला वार आणि हवा सांगायची, शुद्धीत असो नसो. "बाबा, आज गुरुवार हाय. भाईर लय ऊन पडलंय. तुमची बायको खाली डबा खाती. घाबरू नका." त्या बाईवर मी एकदाही संशय घेतला नाही.

भेटीला दिवसातून दोनदा, एकच माणूस. सुनंदा यायची, अंगारा लावायची, रडायची. प्रशांत ड्युटीवरून यायचा आणि पाय दाबत बसायचा. मला ते कळत नाही, असं त्याला वाटायचं. संध्याकाळी कधी कधी माधुरी, स्टेशनवरून थेट, खांद्याला पर्स. ती रडायची नाही. मशीनचे आकडे बघायची आणि डायरीत लिहायची. डॉक्टरला विचारायची, "अजून किती दिवस?"

अजून किती दिवस. तुम्ही माझ्या जागी असता तर काय अर्थ लावला असता?

मी वर बघून उत्तर देतो, हे मावशीनेच आधी हेरलं. मग माधुरीने जुन्या कॅलेंडरच्या मागे मोठी अक्षरं काढून आणली. ती बोट फिरवायची, हवं ते अक्षर आलं की मी वर बघायचं. सगळ्यांना वाटलं, मी पाणी मागेन. पाऊण तास लागला. क. काना. ग. द.

"कागद?" ती म्हणाली. "तुमचा कागद? माझ्या पर्समध्ये आहे, बाबा."

मशीन वाजायला लागलं, सिस्टर धावत आल्या. माधुरी बाजूला झाली नाही. माझ्या तोंडाशी वाकून म्हणाली, "बाबा, मशीन राहू द्यायचं? हो असेल तर वर बघा."

मी वर बघितलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत वर बघत राहिलो.

"आता उलटं विचारते. मशीन काढायचं? नाही असेल तर खाली बघा."

मी खाली बघितलं. मग तिने सिस्टरसमोर दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले, उत्तरं डायरीत लिहिली, वेळ घातली आणि सिस्टरची सही घेतली. दोन बाजूंनी तपासणी, साक्षीदार, नोंद. माझ्या हाताखालच्या पोरांना हे शिकवायला मला सहा-सहा महिने लागायचे. माझ्यातला इन्स्पेक्टर खूश झाला, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्यानेच विचारलं, एवढा पक्का पुरावा ही कशासाठी करतेय?

घरात दोन गट

बोटं हलली, मग मनगट. घशातली नळी निघाली. अडीच महिन्यांनी वॉकर धरून घरी आलो. शर्टाचं एक बटण लावायला वीस मिनिटं लागायची आणि सुनंदा मदतीला आली की मी खेकसायचो. तीही कमी नाही. "लावा मग संध्याकाळपर्यंत," म्हणून निघून जायची.

चार दिवसांत माझ्या लक्षात आलं, की सासू-सुना एकमेकींशी बोलत नाहीत. "तिला सांगा, कुकर लावलाय." "आईंना विचारा, डाळ कुठली घालू." मी प्रशांतला फिरायला म्हणून गेटपाशी नेलं आणि फैलावर घेतलं. त्याने सांगितलं ते असं.

त्या दिवशी आईने कागद नाही म्हणून सांगितलं आणि मागोमाग त्यानेही. माधुरीने पर्समधून दोन कागद काढले. एक नोटरी केलेल्याची प्रत, दुसरा माझ्या लाल रेघेचा. ती डॉक्टरला म्हणाली, "सही केलेल्या कागदात नळी नको असं लिहिलंय. ही आशेची ओळ मी घातली होती, ती बाबांनी खोडली. ते मी लपवणार नाही. पण ह्या आजारात आशा आहे की नाही, ते तुम्ही सांगा."

डॉक्टर म्हणाला, "भरपूर आहे. असे कागद असतात ते, ज्या दुखण्यातून माणूस परत येत नाही त्यासाठी. हे यातून परत येतील." आणि तो आत आला.

"दोन मिनिटंसुद्धा नाही लागली," प्रशांत म्हणाला. "पण आईचं एकच, तेवढी दोन मिनिटं हिने घालवली. मी तर कागद जाळूनच टाकला असता, म्हणते."

अकरावा दिवस

मी इथेच थांबायला हवं होतं. पण जित्याची खोड! रविवारी माधुरी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी जिन्याच्या कठड्याला धरत, दम खात वर गेलो आणि सरळ विचारलं.

"खरं सांग. मी सुटावं, असं तुला एकदाही वाटलं नाही?"

ती चादर पिळत होती. पिळून झाली, झटकली, तारेवर टाकली. मग म्हणाली, "वाटलं."

"कधी?"

"अकराव्या दिवशी. तुम्हाला फुफ्फुसात इन्फेक्शन झालं होतं, ताप उतरत नव्हता. मनमाडहून येताना गाडीत वाटलं, आज फोन आला तर बरं, संपेल एकदाचं. आणि बाबा, ते तुमचे हाल बघवत नाहीत म्हणून नव्हतं. मी दमले होते. आई बोलत नव्हत्या, साहेब रजा देत नव्हते. माझ्यासाठी वाटलं." तिने तारेवरची चादर उगाच सरळ केली. "ते कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

मला राग आला. खूप आला. मी मरावं असं माझ्या तोंडावर सांगते! दोन दिवस मी तिच्या हातचा चहा घेतला नाही. सुनंदाला सांगितलं, तर तिला आयतंच फावलं, "बघितलंत? मी म्हणत नव्हते?"

तिसऱ्या दिवशी बटण लावता लावता सोनवणे आठवला. बाकीचे टर्नर खराब झालेला पार्ट ट्रेमध्ये चांगल्या पार्टांच्या खाली सरकवून द्यायचे. सापडला तर सापडला, नाहीतर गेला. सोनवणे माझ्या टेबलापाशी स्वतः यायचा, हातात तो एकच पार्ट. "साहेब, हा माझ्याकडून गेला." लाल टॅग मी बांधायचो, बोलणीही खायचा बिचारा. पण त्याचा उरलेला ट्रे तपासताना मला कधी धास्ती वाटली नाही. नियमाने तपासायचो, एवढंच.

माझ्या घरात तीन माणसांनी त्या दिवशी डॉक्टरसमोर तोंड उघडलं. दोघं माझ्यावरच्या मायेपोटी खोटं बोलली. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण उद्या मी खरंच परत न येण्याजोगा झालो, तर हीच दोघं मला त्या दोस्तासारखं सात महिने ठेवतील. मी कितीही लिहून ठेवलं तरी.

मी हाक मारली, "माधुरी, चहा टाक गं. आणि येताना तुझं ते पेन-कागद घेऊन ये."

नवा कागद

आधीची नावं काढून निर्णय घ्यायला तिचं नाव घालतो म्हटलं, तर तिने लगेच हो म्हटलं नाही. "माझं नाव घालायचं तर आधी मला सांगा, बाबा, आशा म्हणजे काय? नुसता श्वास चालू राहणं?"

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी मला कोणी विचारला नव्हता. खरं तर तिने विचारला होता, मी त्यावर रेघ मारली होती.

"माणसं ओळखता आली पाहिजेत," मी म्हणालो. "आणि त्यांच्याशी भांडता आलं पाहिजे. डोळ्यांनी का होईना. ते परत येणार असेल, तर वाट बघा, काय वाटेल ते मशीन लावा. येणार नसेल, तर सोडा."

तिने तसंच लिहिलं. पुढे नोटरीने ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

सुनंदाला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती भाजी निवडत होती.

"माझं नाव काढलंत?"

"तू मला सोडणारच नाहीस, म्हणून."

"मग? त्यात माझं चुकलं काय?"

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कुठकुठले संशय घेतले, पण ती मला सोडेल, हा एक कधी आला नाही. तिचा हात धरला. मेथीची माती माझ्या हाताला लागली. ती म्हणाली, "ती सही करताना मला बघायला लावू नका." जरा वेळाने माधुरीला म्हणाली, सरळ तिलाच, मध्ये कोणाला न घालता, "ह्यांचा चष्मा टीव्हीवर आहे, तो ने बरोबर. नाहीतर तिथे जाऊन आरडाओरडा करतील."

हे वाचणाऱ्यांत कोणी असा कागद करणार असेल, तर जरूर करा. पण माझ्यासारखा एकट्याच्या रुबाबात करू नका. ज्याचं नाव घालाल, त्याच्यासमोर बसा आणि त्याला उलटे प्रश्न विचारू द्या. आणि "तर" खोडू नका.

नोटरीकडे जाताना मी जुन्या कागदाचा तो लाल रेघेचा ड्राफ्ट मागून घेतला. रेघेखालची ओळ अजून नीट वाचता येत होती. नव्या कागदात तीच ओळ पहिली आहे, शब्दाला शब्द, टाइप न करता माझ्या हाताने लिहिलेली, अक्षर वेडंवाकडं. सही करण्याआधी मी पूर्ण कागद दोनदा तपासला. सवय आहे. माधुरीच्या नावापाशी मात्र थांबलो नाही.